तंजावरचे राव

१८५९ साली तंजावरचा एक दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलसमोर गेला. ईस्ट इंडिया कंपनीने संस्थान खालसा करताना राजवाड्यातली खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली होती आणि राणीने त्याविरुद्ध मद्रासच्या कोर्टात दाद मागितली होती. मद्रासला ती जिंकली, लंडनला हरली. राजसत्तेच्या कृतीची चौकशी न्यायालय करू शकत नाही, असं तिथं ठरलं. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला आजही येतो आणि त्यात तिचं नाव छापलेलं असतं ‘कामाची बॉय साहेबा’.

ही तंजावरच्या दुसऱ्या शिवाजीराजांची विधवा, कामाक्षीबाईसाहेब. कामाक्षी ही कांचीची देवी, ‘बाई’ महाराष्ट्रातून आलेलं आणि ‘साहेब’ सरदारी बोलीतलं. शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७६च्या सुमारास तंजावर घेतलं, १८५५मध्ये शिवाजीराजे पुत्राविना वारले. मधल्या काळात मराठी घरांनी तमिळ मुलुखाशी किती घरोबा केला, ते त्या एका नावात दिसतं. इंग्रजी स्पेलिंगने ते नाव पार विस्कटून टाकलं तरीही.

राजघराण्यातल्या नावांचा प्रवास तर आणखी लांबचा. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि झालेल्या मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा सांगते. तंजावरच्या गादीवर शहाजी आले, पाठोपाठ शरीफजींच्या नावाचे सरफोजी आले. तमिळ उच्चारात सरफोजींचे ‘सरबोजी’ झाले आणि दरबारच्या कवींनी त्याचं ‘शरभेंद्र’ केलं. शरभ म्हणजे शिवाचं एक रूप. दुसऱ्या सरफोजींवर रचलेल्या तमिळ नृत्यनाट्याचं नावच ‘सरबेंद्र भूपाल कुरवंजी’ आहे. सेनापती मानाजींचंही तसंच. इंग्रजांच्या बखरींत ते मोनॅकजी, तर तंजावरात ते मानोजीअप्पा, आणि त्या नावाची गल्ली शहरात अजून आहे. राज्य हातात असलेल्या माणसाच्या परक्या नावाला लोक आपल्या जिभेवर जागा करून देतात. प्रतापसिंह किंवा तुळजाजी या राजांच्या नावांमुळे कुणाचं काही अडलं, असं तंजावरात घडलं नाही.

खरा प्रश्न राज्य गेल्यावरचा, आणि तो पोटापाण्याचा होता. तो मात्र आश्चर्य वाटावं इतक्या सहज सुटला. मद्रास इलाख्यात कंपनीचा महसुली कारभार जुन्या मराठी वळणावर चालत होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तमिळ आणि तेलुगू जिल्ह्यांतही जमाबंदीचे हिशेब ठिकठिकाणी मराठीत ठेवले जात. कलेक्टर इंग्रज, पण कचेरी शिरस्तेदाराच्या हातात, आणि शिरस्तेदार बहुधा देशस्थ ब्राह्मण. तमिळ लोक त्यांना ‘रायर’ म्हणत. नावामागे ‘राव’ असलं की माणसाला हिशेब येतो, मोडी वाचता येते आणि कचेरीत त्याचा कुणीतरी मामा-काका आधीच बसलेला आहे, हे सांगायला वेगळी शिफारस लागत नसे.

या वाटेने सर्वांत पुढे गेले ते टी. माधवराव. जन्म १८२८चा, कुंभकोणमचा. ‘टी’ म्हणजे तंजावर: गावाचं नाव पुढे, ‘राव’ मागे आणि आडनाव कुठेच नाही, ही तमिळ पद्धत त्यांच्या घराण्याने कधीच उचलली होती. काका वेंकटराव आणि वडील रंगराव दोघंही त्रावणकोरचे दिवाण. माधवरावांनी मद्रासला हिशेब खात्यात नोकरी धरली, मग त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले, १८५७मध्ये तिथलेच दिवाण झाले. पुढे इंदूर आणि १८७५पासून बडोदा. बडोद्याला ते आले त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव नावाचा मुलगा दत्तक घेऊन ‘सयाजीराव’ या नावाने गादीवर बसवला गेला. माधवरावांची कर्तबगारी निर्विवाद होती. तरी ती दिसावी अशा जागी त्यांना आधी घराण्याने आणि नावाने नेऊन उभं केलं, हेही मान्य करायला हवं.

कारण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे. ज्यांच्या नावामागे राव, अय्यर किंवा अय्यंगार नव्हतं, ती हुशार पोरं कचेरीच्या ओट्यापर्यंतही पोहोचली नाहीत आणि त्यांची चरित्रं कुणी लिहिली नाहीत. मद्रासच्या रेव्हेन्यू बोर्डाला हे १८५४मध्येच दिसलं होतं: जिल्ह्यातल्या नोकऱ्या मोजक्या वजनदार घराण्यांची मक्तेदारी होऊ देऊ नका, त्या वेगवेगळ्या जातींत वाटा, असा स्थायी आदेश बोर्डाने काढला. तो बराच काळ कागदावरच राहिला. ब्राह्मणेतरांच्या जस्टिस पक्षाचं सरकार आल्यावर १९२१मध्ये जातवार नेमणुकांचा हुकूम निघाला आणि १९२७मध्ये वाटणी ठरली: दर बारा जागांत पाच ब्राह्मणेतर हिंदूंना, दोन ब्राह्मणांना, दोन मुसलमानांना, दोन अँग्लो-इंडियन व ख्रिश्चनांना, एक दलितांना. तंजावरचे राव आता त्या दोन जागांच्या रांगेत होते. त्यांना हा अन्याय वाटला असेल. तीन पिढ्या दाराबाहेर थांबलेल्यांच्या बाजूने पाहिलं तर हा उशिरा झालेला न्याय होता.

१९२९मध्ये चेंगलपट्टूच्या स्वाभिमान परिषदेत नावामागची जातीची बिरुदं गाळण्याचा ठराव झाला. या चळवळीचे नेते पेरियार रामसामी यांनी स्वतःचं ‘नायकर’ सोडलं. तमिळनाडूत आज बहुतेकांच्या नावाआधी वडिलांच्या नावाचं एक अक्षर असतं आणि आडनाव नसतं. हा बदल किती मोलाचा, हे सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांच्या २००७च्या अभ्यासावरून कळतं. त्यांनी देशातल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त नावं वेगळी असलेले ४,८०८ अर्ज पाठवले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश आणि मुसलमान नावाला एक तृतीयांशच भरली. आडनाव झाकलं की निदान पहिल्या चाळणीत जात लपते. ‘राव’ मात्र तंजावरात अजून टिकून आहे, आणि राजघराण्याचे वारस एस. बाबाजी राजा भोसले यांच्या नावात तमिळ इनिशियल आणि मराठी आडनाव शेजारी-शेजारी नांदतात.

तमिळ सिनेमात या साऱ्याचं एक वेगळंच वळण आहे. तंजावरजवळच्या सूरकोट्टैशी नातं सांगणारे व्ही. सी. गणेशन यांनी अण्णादुरैंच्या नाटकात शिवाजीमहाराजांची भूमिका केली. ती पाहून पेरियारांनी त्यांना ‘शिवाजी’ म्हटलं आणि ते जन्मभर शिवाजी गणेशन राहिले. १९७५मध्ये बंगळूरच्या मराठी घरातला, बसवर कंडक्टरी केलेला शिवाजीराव गायकवाड ‘अपूर्व रागंगळ’मधून पडद्यावर येणार होता. दिग्दर्शक के. बालचंदर यांनी त्याचं नाव बदललं, ते मराठी होतं म्हणून नव्हे, तर शिवाजी तमिळ पडद्यावर आधीच होता म्हणून. त्यांच्याच ‘मेजर चंद्रकांत’मधल्या एका पात्राचं नाव त्यांनी त्याला दिलं: रजनीकांत.