पुलाला छप्पर कशासाठी?

पुलाला छप्पर कशासाठी घालत असतील, हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. वाटसरूंना पावसात आडोसा मिळावा म्हणून, घोडे पाणी पाहून बुजू नयेत म्हणून, अशी उत्तरे येतील. रस्त्यावर बर्फ साचू नये म्हणून, असेही कोणी म्हणेल. पण अमेरिकेतील थंड प्रदेशात लोक हिवाळ्यात मुद्दाम बर्फ आणून छपराखाली पसरत. तसे न केल्यास त्यांच्या घसरगाड्या पुलावर अडत. मग छप्पर कोणासाठी? ते होते खुद्द पुलासाठी.

लाकूड वारंवार भिजले की त्यात बुरशी वाढते आणि ते कुजते. सांध्यांच्या खाचांत पाणी साचते, म्हणून सांधे आधी जातात. उघडा लाकडी पूल दहा-पंधरा वर्षांत निकामी होई. छप्पर आणि फळ्यांच्या भिंती घातल्या की तोच पूल शंभर वर्षे टिके. फळ्या कुजल्या तर बदलता येत. भार पेलणारा सांगाडा मात्र कोरडा राही.

न्यूयॉर्क राज्यात स्कोहेरी नदीवर नॉर्थ ब्लेनहाइम हे लहानसे गाव आहे. तेथे १८५५ साली निकोलस पॉवर्स या सुताराने असा पूल उभारला. मध्ये एकही खांब न घेता त्याने सुमारे २१० फुटांचा, म्हणजे ६४ मीटरचा गाळा ओलांडला. लाकडी पुलासाठी हे धाडसच होते. आधाराचे मचाण काढताना पॉवर्स स्वतः पुलाच्या आढ्यावर जाऊन बसला, पूल पडला तर आपणही त्याच्याबरोबर जाऊ म्हणाला, अशी आख्यायिका आहे. पूल पडला नाही.

यामागचे तत्त्व आपण वर्गात दाखवू शकतो. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टाचण्यांनी जोडून चौकोन करावा. कोपरा दाबला की तो कलतो. आता एक तिरकी पट्टी जोडावी. दोन त्रिकोण होतात आणि आकृती हलेनाशी होते. आपल्या घराच्या छपराची कैची याच तत्त्वावर उभी असते. स्टीफन लाँग या लष्करी अभियंत्याने १८३० साली पेटंट घेतलेल्या रचनेत प्रत्येक चौकटीत फुलीसारखे तिरके वासे असत आणि पाचरी ठोकून ते घट्ट दाबलेले राहत. पॉवर्सने ही रचना वापरली. शिवाय मधल्या कैचीला त्याने लाकडी कमानीची जोड दिली.

१९३० च्या दशकात जवळच पोलादी पूल झाला, तरी गावकऱ्यांनी हा पूल मोडू दिला नाही. पुढे त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. दीडशेहून अधिक वर्षे छपराने त्याला पावसापासून वाचवले. पण २८ ऑगस्ट २०११ रोजी ‘आयरीन’ वादळाच्या पुराने काही तासांत तो वाहून नेला. वरून येणाऱ्या पाण्याची तजवीज होती, खालून चढणाऱ्या पाण्यापुढे मात्र छपराचा इलाज नव्हता.

मोजमापे आणि आराखडे आधीच कागदावर उतरवलेले होते. त्यांच्या आधारे २०१८ साली त्याच जागी, तशाच रचनेचा, पण अधिक उंचीवर नवा लाकडी पूल उभा राहिला. हा पूल जुनाच म्हणायचा की नवा? विद्यार्थ्यांना हेही विचारावे. आम्हाला वाटते, लाकूड नवे आहे, पण पॉवर्सचे ज्ञान तेच आहे. आपल्या गावातील जुना वाडा, बारव किंवा पूल मोजून मुलांनी त्याचे चित्र काढून ठेवले, तर तेही एक छप्परच होईल.