उचलते तेल, धरते पोलाद

दीड टन वजनाची मोटार घरच्या गॅरेजमध्ये जमिनीपासून सहा फूट उंच चढवायची, तिच्याखाली दुसरी मोटार उभी करायची आणि महिनोन्‌महिने तशीच ठेवायची. अमेरिकेत जुन्या गाड्यांची हौस असणारे अनेक जण असे करतात. बर्फ पडू लागले की आवडती गाडी लिफ्टवर चढते, ती हिवाळा सरल्यावरच उतरते. मुंबई-पुण्याच्या इमारतींतही एकावर एक ठेवलेल्या गाड्या आता दिसतात. ही गाडी वर कशाने जाते, असे वर्गात विचारले तर ‘पास्कलच्या नियमाने’ असे उत्तर लगेच मिळेल. पण ती वर राहते कशाने? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वेगळे आहे, आणि त्याचा इतिहासही वेगळा आहे.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू. ब्लेझ पास्कल यांचा द्रवांच्या समतोलावरील प्रबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १६६३ साली प्रसिद्ध झाला. पाण्याने भरलेल्या बंद भांड्याला दोन तोंडे असावीत, एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठे. दोन्हींत घट्ट बसणारे दट्ट्ये घातले, तर लहान दट्ट्या दाबणारा एक माणूस मोठ्या दट्ट्यावरच्या शंभर माणसांची बरोबरी करेल, असे त्यांनी लिहिले. मात्र लहान दट्ट्या शंभर इंच ढकलावा तेव्हा मोठा एक इंच सरकतो. बळ वाढते, कार्य वाढत नाही.

कल्पनेचे यंत्र व्हायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. लंडनमधील कुलपांचे कारागीर जोसेफ ब्रामा यांनी १७९५ साली पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचे पेटंट घेतले. खरी अडचण होती गळतीची. दट्ट्या सरकला पाहिजे, पण त्याच्या कडेने पाणी निसटता कामा नये. दाब वाढला की अधिकच घट्ट बसणारी चामड्याची वाटी हा त्यावरचा उपाय ठरला. त्याचे श्रेय ब्रामांच्या कारखान्यातील हेन्री मॉडस्ले यांना दिले जाते. पुढे चामडे जाऊन रबर आले, पाणी जाऊन तेल आले. परंतु सगळा भार शेवटी एका सीलवर आणि एका नळकांड्यावर असतो, ही गोष्ट बदलली नाही.

ती किती महाग पडू शकते हे १८४९ साली दिसले. वेल्समधील मेनाई सामुद्रधुनीवर रॉबर्ट स्टीफन्सन रेल्वेचा ब्रिटानिया पूल बांधत होते. दीड हजार टनांहून जड असलेली लोखंडी नळी पाण्यावरून तरंगत आणून सुमारे शंभर फूट उचलायची होती. काम हायड्रॉलिक प्रेसचे होते. स्टीफन्सन यांचा मात्र हट्ट होता की नळी जसजशी वर जाईल, तसतसा तिच्या टोकांखाली भराव रचत जायचा. पोकळी ठेवायची नाही. यात वेळ जात होता. ऑगस्टमध्ये, काम चालू असताना, प्रेसच्या नळकांड्याचा तळच फुटून खाली कोसळला. नळी खाली आली, पण भरावामुळे जेमतेम नऊ इंच. तेवढ्यानेही खालचे कित्येक टनांचे ओतीव लोखंड चुरडले गेले. भराव नसता तर पूल समुद्राच्या तळाशी गेला असता. आमच्या मते, उचलणारे साधन वेगळे आणि धरणारे वेगळे, हा धडा इतक्या स्पष्टपणे क्वचितच मिळाला असेल.

पण दर वेळी माणसांनी भराव रचत बसायचे का? एलिशा ओटिस यांनी १८५४ साली न्यू यॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये दुसरी वाट दाखवली. उंचावलेल्या पाळण्यावर ते स्वतः उभे राहिले आणि त्यांनी दोर कापायला लावला. दोराचा ताण जाताच वरची स्प्रिंग सुटली आणि दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत अडकली. पाळणा थांबला. आधार आता आपोआप मिळत होता.

मोटारींची लिफ्ट आली ती १९२० नंतर. अमेरिकेतील मेम्फिस येथे पीटर लुनाटी यांनी तिचे पेटंट १९२५ साली मिळवले. न्हाव्याची वर-खाली होणारी खुर्ची पाहून त्यांना ती सुचली, असे सांगतात. मेकॅनिकला ती तासाभरासाठी पुरे होती. परंतु गाडी महिनोन्‌महिने वर ठेवायची तर तेलावर विसंबून चालत नाही. सील थोडे थोडे गळते, थंडीत तेल आकसते, आणि गाडी हळूहळू खाली बसते.

म्हणून घरच्या चार खांबांच्या लिफ्टमध्ये स्टीफन्सन आणि ओटिस दोघेही भेटतात. पंपाच्या दाबाने दट्ट्या पोलादी दोर ओढतो आणि चारही कोपरे वर जातात. प्रत्येक खांबात ठरावीक अंतरावर खाचा असतात, आणि प्रत्येक कोपऱ्यावर एक खिटी. वर जाताना खिट्या खाचांवरून टक्‌टक्‌ आवाज करीत सरकतात. हव्या उंचीला पोचल्यावर लिफ्ट किंचित खाली सोडायची, म्हणजे चारही खिट्या खाचांत बसतात. त्या खरोखरच बसल्या आहेत हे प्रत्येक खांबाजवळ जाऊन पाहायचे. आता भार तेलावर नाही, दोरावर नाही. तो पोलादावरून जमिनीत उतरतो. उतरवताना आधी थोडे उचलून खिट्या मोकळ्या करायच्या. जमीन न तडकलेल्या, पुरेशा जाड काँक्रीटची हवी आणि चाकांना अटकण हवी. हलत्या लिफ्टखाली कोणीही असता कामा नये.

हे का, ते मुलांना आकडेमोड करून पाहू द्यावे. १५०० कि.ग्रॅ. ची गाडी १.८ मीटर उंचीवर असेल तर तिची स्थितिज ऊर्जा सुमारे २६,५०० ज्यूल. ती सुटली तर ०.६ सेकंदात, ताशी सुमारे २१ कि.मी. वेगाने जमिनीवर आदळेल. बाजूला व्हायला वेळ कुठे मिळणार?

एक प्रयोगही वर्गात करता येईल. सुया काढलेल्या लहान व मोठ्या सिरिंज पाण्याने भरून नळीने जोडाव्यात. मोठी उभी पकडून तिच्या दट्ट्यावर जड वस्तू ठेवावी आणि लहान सिरिंज दाबून ती उचलावी. अंगठा सोडताच वस्तू खाली येऊ लागेल. पुन्हा उचलून दट्ट्याच्या चकतीखाली दोन्ही बाजूंना सारख्या उंचीचे लाकडी तुकडे ठेवावेत आणि अंगठा सोडावा. वस्तू जागची हलणार नाही.

वस्तू स्थिर धरून ठेवायला ऊर्जा खर्च होत नाही, हे वाक्य पुस्तकात वाचून मुलांना खरे वाटत नाही, कारण भरलेली बादली धरून हात दुखतो. लाकडाच्या त्या दोन तुकड्यांकडे पाहून मात्र ते पटेल. टेबल दमत नाही. खाचेत बसलेली खिटीही दमत नाही.