द्रव्याच्या अवस्था आणि कणांची गती

पदार्थ स्थायू, द्रव की वायू, हे त्याच्या कणांमधील आकर्षण आणि त्या कणांची गती यांपैकी काय वरचढ ठरते यावर अवलंबून असते. स्थायूत कण जागा न सोडता कंप पावतात, म्हणून आकार टिकतो. द्रवात ते जवळजवळ तितकेच दाटीने असतात, पण एकमेकांवरून सरकतात. घनफळ कायम राहते, आकार मात्र भांड्याचा येतो. वायूत आकर्षण जवळपास नगण्य असते. नेहमीच्या तापमानाला हवेतील नायट्रोजनचे रेणू सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने धावतात. भांड्याच्या भिंतींवर होणारे त्यांचे आघात म्हणजेच वायूचा दाब.

बर्फ वितळताना किंवा पाणी उकळताना उष्णता देऊनही तापमान वाढत नाही, कारण ती ऊर्जा कणांना एकमेकांपासून सोडवण्यात खर्च होते. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारे ३३४ जूल लागतात, तर १००° सेल्सिअसला तेवढ्याच पाण्याची वाफ होण्यास सुमारे २,२६० जूल. ही तफावत बोलकी आहे : वितळताना रेणूंची पकड केवळ सैल होते, उकळताना ती सुटते. पाणी एका बाबतीत मात्र अपवाद आहे. बर्फातील रेणूंची मांडणी विरळ असल्याने तो पाण्यावर तरंगतो. बहुतेक पदार्थांचे स्थायुरूप स्वतःच्या द्रवात बुडते.

रेणूंच्या या गतीचा पुरावाही मिळाला आहे. रॉबर्ट ब्राउन यांना १८२७ मध्ये पाण्यातील सूक्ष्म कणांची अखंड, अनियमित हालचाल दिसली. आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये ती पाण्याच्या रेणूंच्या धडकांमुळे होते असे गणिताने दाखवले. झां पेरँ यांनी प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला. त्यांना १९२६ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.