कर्ण्याकडून छताकडे : ध्वनिक्षेपणाच्या इतिहासातील एक प्रकरण

सार्वजनिक वार्ता लोकांच्या कानी घालण्याचे दोन मार्ग मराठी मुलखात पूर्वीपासून रूढ होते. नगारा एका जागी वाजे आणि त्याचा नाद सर्व गावभर जाई. परंतु नगाऱ्याला शब्द नव्हते. जेव्हा शब्दच पोहोचवावयाचे असत तेव्हा दवंडी पिटली जाई. दवंडीवाला एका चौकात उभा राहून मजकूर सांगे व तोच मजकूर पुढच्या चौकात पुन्हा सांगे. संकेत दुरून चालतो, वाक्य मात्र जवळून सांगावे लागते, हे तत्त्व या दोन रूढींत सामावलेले आहे. विद्युत् ध्वनिक्षेपणाचा इतिहास पाहता असे दिसते की, या विद्येने प्रथम नगाऱ्याचा मार्ग धरला आणि इमारतीत शिरल्यावर तिला दवंडीच्या मार्गाकडे वळावे लागले. हे वळण कोणत्या कारणांनी आले याचा विचार प्रस्तुत लेखात नाशिकच्या संदर्भात केला आहे.

पीटर जेन्सन व एडविन प्रिडहॅम यांनी १९१५ च्या सुमारास कॅलिफोर्नियात कर्ण्याच्या आकाराचा विद्युत् ध्वनिक्षेपक सिद्ध केला. १९१९ साली सॅन दिएगो येथे अध्यक्ष विल्सन यांचे भाषण त्याच्या साहाय्याने सुमारे ५०,००० श्रोत्यांना ऐकता आले. हिंदुस्थानात या विद्येचा प्रसार राष्ट्रीय चळवळीच्या आश्रयाने झाला. ग्यानचंद मोटवाने यांनी १९०९ साली सिंधमधील सक्कर येथे सुरू केलेला व्यवसाय कराचीमार्गे १९१९ मध्ये मुंबईस आला आणि पुढे ‘शिकागो रेडिओ’ या नावाने प्रसिद्धी पावला. नाव परदेशी असले तरी पेढी एतद्देशीय होती. ग्यानचंद यांचे पुत्र नानिक मोटवाने यांनी १९३० नंतरच्या दशकात काँग्रेसच्या अधिवेशनांना व गांधीजींच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरविले. त्या काळच्या कित्येक छायाचित्रांत वक्त्यासमोर ‘शिकागो रेडिओ’ ही अक्षरे दिसतात. याच घराण्याचा विद्युत् उपकरणांचा कारखाना कालांतराने नाशिक रोड येथे उभा राहिला. विजेच्या कार्यशाळेत शिकलेल्या विद्यार्थ्यांना ‘मोटवाने’ हे नाव मापनयंत्रावरून परिचित आहे. त्या नावाचा पूर्वेतिहास मात्र सभेच्या मैदानातला आहे.

मराठी भाषेने या नव्या यंत्राला दिलेली नावे उद्बोधक आहेत. ‘कर्णा’ हे मूळ एका फुंकवाद्याचे नाव, तर ‘भोंगा’ हे गिरणीच्या इशाऱ्याचे. ‘ध्वनिक्षेपक’ हा शब्द शासनव्यवहारात व वृत्तपत्रांत रुळला. पण बोलीने जी नावे स्वीकारली ती दोन्ही दूरवर जाणाऱ्या, शब्दहीन नादाची होत. यंत्र शब्द पोहोचविण्यासाठी आले आणि लोकांनी त्याची गणना नगाऱ्याच्या वर्गात केली. उघड्या मैदानात ही गणना फारशी बाधली नाही. गोदाघाटावर मे महिन्यात भरणाऱ्या वसंत व्याख्यानमालेसारख्या सभेत आवाज कर्ण्यातून निघतो, श्रोत्यांवरून जातो व बराचसा आकाशात विरून जातो. तेथे आवाज अंतराबरोबर क्षीण होतो. अंतर दुप्पट झाले की त्याची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. म्हणून कर्णा अधिक शक्तीचा करणे हा उपाय तेथे पुष्कळ अंशी पुरेसा ठरतो.

इमारतीत तोच उपाय अपाय करतो. वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात प्रयोग करून असे दाखविले की, बंद जागेतील आवाजाचे रेंगाळणे हे जागेचे घनफळ आणि तिच्यातील ध्वनिशोषक पृष्ठे यांवर अवलंबून असते. दगडी भिंती, फरशी व उंच छत असलेल्या दालनात हा काल तीन-चार सेकंदांपर्यंत सहज जातो. आवाज वाढविला तर मूळ ध्वनीबरोबर त्याचा रेंगाळणारा अंशही तितकाच वाढतो. श्रोत्याला अधिक ऐकू येते. अधिक समजत नाही.

ऐकू येणे व समजणे यांतील हा भेद भाषाशास्त्रीय आहे. उच्चारातील शक्तीचा मोठा वाटा स्वरांकडे असतो. अर्थभेद करण्याचे काम बहुतांशी व्यंजनांकडे असते, आणि ती क्षीण व अल्पकालिक असतात. मराठी संख्यावाचकांत याचे चोख उदाहरण सापडते. चार, पाच, सात आणि आठ हे चारही शब्द एकाक्षरी उच्चाराचे असून चारांतही स्वर एकच, दीर्घ ‘आ’ हा आहे. त्यांना परस्परांपासून वेगळे करतात ती केवळ व्यंजने. ‘पाच’मधील ‘आ’ दालनात रेंगाळत राहिला की त्याखाली ‘च’ बुडतो, आणि मागील शब्दाचा शेष ‘प’लाही ग्रासतो. अशा वेळी रुग्णालयात किंवा न्यायालयात ‘खोली क्रमांक पाच’ अशी घोषणा झाली तर बाकावरच्या माणसाला ‘आ’ तेवढा मिळतो. पाचाऐवजी सातव्या दाराशी जाऊन उभा राहणारा मनुष्य अडाणी नसतो; त्याच्यापर्यंत व्यंजन पोहोचलेलेच नसते.

यावरचा उपाय म्हणजे ध्वनीचा उगम श्रोत्याजवळ नेणे. १९२५ साली चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी कागदी शंकूचा, कर्ण्याविना चालणारा ध्वनिक्षेपक प्रसिद्ध केला, आणि लहान ध्वनिक्षेपक छतात बसविणे शक्य झाले. उरला प्रश्न तारांचा. ८ ओहमच्या भारावर १२० वॅट शक्ती पाठवावयाची तर सुमारे ३१ व्होल्ट दाब व ३.९ अँपिअर प्रवाह लागतो. लांब तारेत त्यातील बराच भाग उष्णतारूपाने वाया जातो. म्हणून विद्युत् पुरवठ्यातीलच युक्ती येथे योजली गेली. प्रवर्धकाकडून दाब १०० व्होल्टपर्यंत चढवावयाचा आणि प्रत्येक ध्वनिक्षेपकापाशी लहान रोहित्र बसवून तो उतरवावयाचा. तीच १२० वॅट शक्ती आता १.२ अँपिअर प्रवाहात जाते आणि त्याच तारेतील हानी सुमारे एकदशांश उरते. रोहित्रावरील टॅप निवडून व्हरांड्यात ६ वॅट, तर कचेरीत दीड वॅट असे वाटपही करता येते. सर्व टॅपची बेरीज प्रवर्धकाच्या क्षमतेपेक्षा कमी राखली म्हणजे झाले. अमेरिकेत हीच पद्धती ७० व्होल्टवर रूढ आहे.

ध्वनिक्षेपकांतील अंतर साध्या भूमितीने ठरते. छत ३ मीटर उंच, बसलेल्या श्रोत्याचा कान १.२ मीटरवर आणि ध्वनिक्षेपकाचा विस्तारकोन ९० अंश धरल्यास प्रत्येकाच्या वाट्यास ३.६ मीटर व्यासाचे वर्तुळ येते. याहून विरळ बसविल्यास मधल्या जागा वंचित राहतात. काटकसर म्हणून निम्मे ध्वनिक्षेपक लावून आवाज चढविणे म्हणजे पुन्हा कर्ण्याकडे परतणे होय.

लांबट दालनात आणखी एक अडचण येते. वीज तारेतून जवळजवळ तत्क्षणी पोहोचते. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने येतो. ३४ मीटर दूरच्या वक्त्याचा मूळ आवाज जवळच्या ध्वनिक्षेपकापेक्षा एकदशांश सेकंद मागाहून कानी पडतो, आणि एकच अक्षर दोनदा ऐकू येते. हेल्मुट हास यांनी १९४९ साली गटिंगेन येथील प्रबंधात दाखविले की, दुसरा ध्वनी थोड्याच, साधारण ३० सहस्रांश सेकंदांच्या, अवधीत आला तर कान दोन्ही एकच मानतो आणि पहिल्याच्या दिशेकडे लक्ष देतो. या ज्ञानाच्या आधारे १९५० नंतर लंडनच्या सेंट पॉल प्रार्थनामंदिरात दूरच्या ध्वनिक्षेपकांना हेतुपुरस्सर विलंब देण्यात आला.

भारतीय कायद्यानेही हे दोन मार्ग वेगळे ओळखले आहेत. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ध्वनिक्षेपकास सर्वसाधारणपणे मनाई केली. परंतु सभागृहासारख्या बंद वास्तूतील अंतर्गत संभाषणास आणि सार्वजनिक आपत्तीच्या प्रसंगास त्यातून वगळले. सिंहस्थाच्या नगरीत या अपवादाचे महत्त्व विशेष आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिक येथे पर्वणीच्या दिवशी झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ यात्रेकरू मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेचे खापर ध्वनिक्षेपणावर फोडणे अनुचित होईल. परंतु दाटीत सापडलेल्या माणसाला गर्जनेपेक्षा ‘डावीकडे’ की ‘उजवीकडे’ हा एक स्पष्ट शब्द अधिक उपयोगी पडतो, हे अशा प्रसंगांवरून ध्यानी येते. रेल्वेस्थानक, धर्मशाळा, रुग्णालय या सर्वच इमारतींना ते लागू आहे.

वाक्सुबोधता मोजण्याची शून्य ते एक अशी श्रेणी १९७० नंतरच्या दशकात नेदरलँड्समध्ये तयार झाली. आपत्कालीन घोषणेसाठी साधारणतः ०.५ हे किमान मूल्य मानले जाते. ही मोजणी यंत्राची होय. तिच्या जोडीला श्रोत्यांची परीक्षा हवी, आणि ती त्या इमारतीत बोलल्या जाणाऱ्या भाषेत हवी. बसवणूक पुरी झाल्यावर दालनाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत माणसे बसवून चार, पाच, सात, आठ हे शब्द क्रम बदलून उच्चारावेत व त्यांनी काय ऐकले ते लिहून घ्यावे. या परीक्षेस खर्च नाही. मराठीच्या ध्वनिविचाराचा अभ्यास करणाऱ्यांनी अशा शब्दावल्या सिद्ध केल्या, तर छतातील यंत्रांचा कस लोकांच्या भाषेवर लागेल. दवंडीवाला पुढच्या चौकात गेल्यावर मागच्या चौकातील लोकांना मजकूर कळला होता; छतातल्या ध्वनिक्षेपकाकडूनही तेवढीच अपेक्षा आहे.