देवनागरीची अक्षरजुळणी आणि मुक्तस्रोत लायब्रऱ्यांची पुनर्रचना

‘पारनेर’ हे नाव संगणकाच्या पडद्यावर उमटविणे फारसे अवघड नाही. त्यात जोडाक्षर नाही, वेलांटी नाही. एक काना आणि एक मात्रा एवढेच आहे. याच तालुक्यातील राळेगणसिद्धीचे नाव मात्र गुंतागुंतीचे ठरते. ‘सि’ची वेलांटी साठवणीत ‘स’नंतर असते, पण दाखविताना ती ‘स’च्या आधी काढावी लागते, ‘द’, हलन्त आणि ‘ध’ या तीन संकेतांचे मिळून एक ‘द्ध’ करावे लागते. हे काम फाँट एकटा करीत नाही. त्यासाठी लागणारी आज्ञावली लायब्ररीच्या, म्हणजे अनेक सॉफ्टवेअरनी सामायिकपणे वापरावयाच्या आज्ञासंचाच्या, रूपात असते. मुक्तस्रोत क्षेत्रातील अशा लायब्रऱ्यांचे परस्परावलंबन कसे बदलत गेले आणि त्यात मराठीचे काय झाले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

१९९६ मध्ये सुरू झालेल्या फ्रीटाइप या लायब्ररीच्या पहिल्या पिढीत ओपनटाइप फाँटमधील जोडाक्षरांची कोष्टके वाचणारा एक भाग होता. २००० मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीने अक्षराकृती रेखाटण्यापुरते आपले क्षेत्र मर्यादित केले आणि तो भाग वगळला. पँगो आणि क्यूटी या दोन प्रकल्पांनी तो स्वतंत्रपणे उचलला व आपापल्या परीने वाढविला. ओपनऑफिस आयसीयू या तिसऱ्याच लायब्ररीवर विसंबून होते. पँगोतील भारतीय लिप्यांचे नियमही मुळात आयसीयूवरूनच घेतलेले होते. वाटण्या झालेल्या वाड्यात ज्याने त्याने आपापले छप्पर शाकारावे, तशी ही स्थिती होती. एका ठिकाणी दुरुस्त झालेला दोष दुसऱ्या ठिकाणी तसाच राही.

मराठीला याची झळ विशेष लागणे स्वाभाविक होते, कारण तिच्या काही गरजा हिंदीत नाहीत. ‘शेतकऱ्या’मधील अर्धा र (‘लायब्रऱ्या’तही तोच आहे) युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा जुन्या पद्धतीने ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. अक्षरजुळणी करणाऱ्या लायब्ररीला दोन्ही रीती ठाऊक हव्यात. अन्यथा त्या र-च्या जागी रफार येण्याचा धोका असतो. हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नव्हे. कान्हूर पठाराच्या दऱ्या रफाराने ‘दर्या’ होतात, आणि आचाऱ्यांना द्यावयाची रक्कम आचार्यांच्या नावे पडते.

विभागलेले हे काम २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘हार्फबझ’ या नावाने एकत्र आणण्यात आले. हे नाव फारसी ‘हर्फ’ (अक्षर) आणि ‘बाज’ (खुले) यांवरून आले असून ते ‘ओपनटाइप’चेच भाषांतर होय. पँगो आणि क्यूटी यांचे परवाने भिन्न असल्याने सामायिक संहितेसाठी अधिक मोकळा, एमआयटी धर्तीचा परवाना स्वीकारावा लागला. पुढे बेहदाद एस्फाबोद यांनी ही लायब्ररी जवळजवळ नव्याने लिहिली. तिची देवनागरी जुळणी मायक्रोसॉफ्टच्या युनिस्क्राइबशी शब्दशः ताडून पाहण्यात आली. २०१२ मध्ये पँगोने तिचा अवलंब केला. लिबरऑफिसने २०१३ च्या ४.१ आवृत्तीत लिनक्सवर आणि २०१७ च्या ५.३ आवृत्तीत सर्वत्र ती वापरली. दरम्यान २०१६ मध्ये आयसीयूने स्वतःचे जुळणीयंत्र काढून टाकले होते.

एकत्रीकरणापेक्षाही कठीण भाग पुढेच होता. हार्फबझ अक्षरांची मापे फ्रीटाइपकडून आणि वर्णांचे गुणधर्म आयसीयू वा ग्लिबकडून घेऊ शके. उलट फ्रीटाइपच्या स्वयंचलित रेखन-सुधारणेला हार्फबझची मदत लागू लागली. म्हणजे प्रत्येकीला दुसरी आधी हवी. लिनक्स वितरणे तयार करणाऱ्यांना त्यामुळे फ्रीटाइप प्रथम हार्फबझविना, मग हार्फबझ, आणि नंतर पुन्हा फ्रीटाइप असा उलटसुलट क्रम पाळावा लागे. यावरील उपाय हळूहळू घडला. हार्फबझने वर्णगुणधर्मांची कोष्टके स्वतःतच सामावली, फाँटमधील मापे स्वतः वाचण्याची सोय केली आणि आयसीयूशी जोडणारा भाग वेगळ्या लायब्ररीत काढला. जे अवलंबन सक्तीचे होते ते ऐच्छिक झाले. कालांतराने फ्रीटाइपनेही हार्फबझ प्रत्यक्ष चालविण्याच्या वेळी शोधून घेण्याची सोय स्वीकारली. संहितेच्या पुनर्लेखनाची चर्चा अधिक होते. टिकाऊपणा मात्र या पुनर्रचनेतून आला, असे म्हणावे लागते.

फाँटच्या बाजूलाही असेच घडले. रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त केलेल्या आणि पुण्यातून जोपासल्या गेलेल्या लोहित मालिकेत ‘लोहित हिंदी’ आणि ‘लोहित मराठी’ वेगवेगळे होते. २०११ मध्ये ही मालिका ओपन फाँट परवान्याखाली आली. हे दोन्ही फाँट ‘लोहित देवनागरी’त विलीन झाले, आणि मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’ मजकुराच्या भाषेनुसार निवडले जाऊ लागले. त्यासाठी भाषेची नोंद सॉफ्टवेअरकडून लायब्ररीकडे व तेथून फाँटपर्यंत पोहोचावी लागते. ती नोंद मजकुरात नसेल, तर टाकळी ढोकेश्वरचे ‘श्व’ आजही हिंदी वळणाने उमटू शकते.