रडारच्या कानाची राखण

चक्रीवादळाचा इशारा आला, की किनाऱ्यावरील जिल्हाधिकाऱ्याचा पहिला प्रश्न असतो : वादळ किती अंतरावर आहे? त्या उत्तराच्या भरवशावर लक्षावधी माणसांना घरे सोडावयास सांगितले जाते. हे उत्तर देणाऱ्या साधनांत रडारचे स्थान मोठे आहे. परंतु रडारची मूळ अडचण मोठी विलक्षण आहे. त्याला क्षणापूर्वी प्रचंड गर्जना करावयाची असते आणि लगेच तिचा अतिक्षीण प्रतिध्वनी ऐकावयाचा असतो. स्वतःच्या गर्जनेने स्वतःचाच कान फुटू नये, यासाठी झालेल्या खटपटीचा इतिहास प्रशासकानेही जाणून घ्यावा असा आहे.

प्रारंभीचा उपाय सरळ होता. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटनने आपल्या किनाऱ्यावर ‘चेन होम’ ही रडारकेंद्रांची साखळी उभारली. तेथे प्रक्षेपणाचे पोलादी मनोरे सुमारे ३६० फुटांचे, तर ग्रहणाचे लाकडी मनोरे सुमारे २४० फुटांचे असत, आणि दोन्ही एकमेकांपासून दूर ठेवलेले असत. बोलणारा एकीकडे, ऐकणारा दुसरीकडे. जमिनीवर हे परवडले. जहाजावर आणि विमानात इतकी जागा कोठून आणावयाची? अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत रॉबर्ट पेज यांनी १९३६ साली एकाच अँटेनावर दोन्ही कामे करून दाखविली. मात्र तेव्हाचे व्हॉल्व्हचे रिसीव्हर त्या मानाने दणकट होते.

खरा पेच १९४० मध्ये पडला. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन चालवून दाखविला. सुमारे दहा सेंटिमीटर तरंगलांबीच्या लहरी आता पुरेशा शक्तीने निर्माण होऊ लागल्या, आणि लवकरच ही शक्ती किलोवॉटमध्ये मोजली जाऊ लागली. परंतु इतक्या आखूड लहरी ऐकण्यासाठी स्फटिकाचा आधार घ्यावा लागला : सिलिकॉनचा लहानसा तुकडा आणि त्यावर टेकलेले टंगस्टनच्या तारेचे टोक. परत येणारा प्रतिध्वनी एका वॉटच्या अब्जांशाहूनही कितीतरी लहान. मॅग्नेट्रॉनच्या स्पंदाचा थोडासा अंश जरी आत झिरपला, तरी तो नाजूक स्पर्शबिंदू जळून जाई.

याहून घातक गोष्ट अशी, की स्फटिक नेहमी एकदम जळत नसे. पुष्कळदा तो हळूहळू बिघडे. पडदा उजळलेला दिसे, जवळची मोठी वस्तूही दिसे, फक्त दूरचे आणि क्षीण ते ऐकू येईनासे होई. यंत्र बहिरे झाले आहे, हे चालवणाऱ्यास कळत नसे. म्हणून ग्रहणशक्तीची वेळोवेळी मोजणी करणे हा रडारच्या देखभालीचा आवश्यक भाग ठरला.

यावरचा उपाय ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रयोगशाळेत निघाला. सटन यांच्या क्लिस्ट्रॉन नळीच्या घडणीचा आधार घेऊन कुक यांनी त्या नळीत अल्प दाबाचा वायू भरला. जोरदार स्पंद आला, की वायूचे आयनीभवन होऊन रिसीव्हरकडे जाणारी वाट बंद होई. स्पंद संपताच वायू पूर्ववत होऊन वाट पुन्हा उघडे. नळी तत्काळ पेटावी म्हणून तिच्यात एक बारीकशी विद्युत्ज्योत सतत तेवत ठेवीत. ती लवकर विझावी म्हणून पुढे पाण्याच्या वाफेचाही उपयोग झाला. तरीही नळी पेटण्यापूर्वी क्षणभर काही शक्ती निसटतेच. अर्धवाहकांच्या युगात या नळीमागे पिन डायोडचा मर्यादक बसवू लागले : बाहेरचा पहारेकरी मुख्य आघात झेलतो, आतला उरलेले कण अडवितो. कमी शक्तीच्या रडारांत एकटा डायोडही पुरतो.

या राखणीची किंमतही आहे. वाट बंद असेतो रडारला काहीच ऐकू येत नाही. एक मायक्रोसेकंदाच्या स्पंदामुळे निदान १५० मीटरपर्यंतचा परिसर त्याला अदृश्य राहतो, आणि नळी पूर्ववत होण्यास लागणारा वेळ त्यात आणखी भर घालतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

भारतात चेन्नईस २००२ मध्ये डॉप्लर हवामान रडार आले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मुंबईत असे रडार नव्हते. कुलाब्यास ते नंतर बसले. अशा यंत्राच्या खरेदीची चर्चा मंत्रालयापर्यंत होते. तिच्या कानावरील पहारेकरी मात्र सुट्या भागांच्या यादीतील एखादी ओळ असतो. काटकसरीच्या वर्षी ती ओळ खोडणे सोपे असते, कारण दुसऱ्या दिवशी काहीच बंद पडत नाही.

शासनसंस्थेलाही एकाच मुखाने आज्ञा द्यावयाच्या असतात आणि तक्रारी ऐकावयाच्या असतात. घोषणांच्या गजरात कान झाकावा लागला, तर त्यात गैर काही नाही. गजर थांबल्यावर तो किती लवकर उघडतो, आणि दूरच्या तालुक्यातील क्षीण आवाज त्याला अजून ऐकू येतो की नाही, हे कोणी तरी नियमाने मोजत राहिले पाहिजे. वार्षिक तपासणीच्या नमुन्यात त्यासाठी एक रकाना असावा.