साखळी आणि भट्टी

कोल्हापूरच्या कारखानदारीचा इतिहास सांगताना आपण तेलइंजिनांबद्दल बोलतो, उसाच्या चरकांबद्दल, पंपांबद्दल आणि अलीकडे मोटारींच्या सुट्या भागांबद्दल बोलतो. हे सारे जड सामान ज्या चेनपुलीला टांगून उचलले गेले, तिची आठवण क्वचितच निघते. तीन पायांची घोडी, वर चेनपुली, खाली लोंबणारा हूक. शिवाजी उद्यमनगरात हे चित्र इतके नेहमीचे आहे की त्याला इतिहास असेल असे मनातही येत नाही.

इतिहास आहे, आणि तो बर्मिंगहॅमच्या परिसरात सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास थॉमस आल्ड्रिज वेस्टन या इंग्रज यंत्रज्ञाने एका आसावर दोन चाके जोडली. एक किंचित मोठे, दुसरे किंचित लहान, आणि दोहोंवरून फिरणारी एकच अखंड साखळी. मोठे चाक जितकी साखळी वर घेते त्याहून थोडी कमी लहान चाक खाली सोडते. या फरकाच्या निम्म्याने वजन वर चढते. ती पुली बाजारात आणली टांगी बंधूंनी. १८५८ मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ हे अजस्र जहाज पाण्यात ढकलायला ज्यांचे जॅक कामी आले, तेच हे टांगी.

या पुलीचा मोठा गुण असा की हात सोडला तरी वजन जागच्या जागी राही. कारण मोठे गमतीचे आहे. लावलेल्या श्रमांपैकी निम्म्याहून अधिक घर्षणातच जात, आणि तेच घर्षण वजनाला खाली येऊ देत नसे. पुढे दातेरी चाकांच्या पुल्या आल्या. श्रम वाचले, पण घर्षणाचा आधारही गेला. म्हणून त्यांत ब्रेक बसवावा लागला: दातेरी चाक, त्यात अडकणारा खटका आणि घर्षणाच्या चकत्या. टांगलेले वजनच त्या चकत्या आवळून धरते. आजची चेनपुली बहुधा याच जातीची असते. साखळीला तेल हवे, पण कोरड्या ब्रेकच्या चकत्यांना तेलाचा स्पर्शही नको, हा नियम इथून आला. ‘पुली जड चालते’ म्हणून झाकण उघडून सढळ हाताने तेल सोडणारा नवखा गडी वजन धरणारी एकमेव गोष्टच निसरडी करतो.

कोल्हापुरात १९०६ मध्ये शाहू मिलचा पाया घातला गेला. पुढे म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्या पिढीने यंत्रे दुरुस्त करता करता ती घडवायला घेतली. मोट गेली आणि विहिरीवर इंजिन आले. मोटेचा नाडा शेतकरी रोज डोळ्यांखालून घालत असे. तुटण्याआधी त्याचे पदर सुटलेले दिसत. लोखंडी साखळी इतकी बोलकी नसते. तिची झीज दोन कड्या जिथे एकमेकींवर टेकतात तिथे होते, आणि ताण असेपर्यंत ती जागा झाकलेलीच राहते.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. बरोबर महिन्याने, १ एप्रिलला, १९४८ चा कारखाना अधिनियम अमलात आला. त्याच्या कलम २९ नुसार उचलण्याच्या साखळ्या व साधने यांची सक्षम व्यक्तीकडून १२ महिन्यांत निदान एकदा कसून तपासणी व्हायला हवी होती, तिची नोंद ठेवायला हवी होती आणि ठरलेल्या भारापेक्षा जास्त वजन टांगायला मनाई होती.

यासोबत आणखी एक जुना नियम आला, आणि तो भट्ट्यांच्या या गावाला विशेष लागू होता. १९३७ च्या ब्रिटिश कायद्यात साखळ्या ठरावीक मुदतीने तापवून सावकाश थंड कराव्यात असे बंधन होते: एरवी १४ महिन्यांनी, आणि अर्धा इंच वा त्याहून बारीक सळईच्या किंवा वितळलेल्या धातूच्या कामातल्या साखळ्या ६ महिन्यांनी. आपल्याकडच्या कारखाना नियमांतही अशीच तरतूद उतरली. घडीव लोखंड धक्के खाऊन वरून कडक आणि ठिसूळ होते. विस्तव त्याला पुन्हा मऊ करतो. त्या काळी हे शहाणपणच होते.

पण साखळीचे लोखंड बदलले. आजच्या चेनपुलीची भार उचलणारी साखळी मिश्र पोलादाची असते आणि तिचे बळ कारखान्यात दिलेल्या उष्णतासंस्कारात असते. ती भट्टीत घातली की ते बळ जाते. ग्रेड ८० च्या साखळीची क्षमता सुमारे २०० अंश सेल्सिअसपुढे कमी धरावी लागते, आणि ओतले जाणारे बीड असते १३०० अंशांच्या वर. पोलादी साखळ्यांना आणि खाचांच्या चाकावर चालणाऱ्या साखळ्यांना नियमांनी या बंधनातून वगळले ते यामुळेच. मला यात धोका दिसतो तो असा: नियमातली सूट कागदावर राहते आणि ‘साखळीला विस्तव दाखवावा’ ही जुनी सवय हातात राहते. वाकडी कडी तापवून ठोकून सरळ करणे, तुटलेल्या जागी वेल्डिंगचा टाका मारणे, ही त्याच सवयीची पिल्ले. अशी कडी वर्षभर काम देईलही. नंतर एखाद्या दिवशी खाली कुणाचा तरी पाय असेल.

शिवाय कायदाही सगळ्या दारांपर्यंत जात नाही. १९४८ च्या अधिनियमाची सर्वसाधारण मर्यादा विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० कामगारांची होती. २०२० च्या संहितेने ती २० वर नेली. उद्यमनगरातले चार-सहा माणसांचे वर्कशॉप एरवी या नोंदवहीबाहेरच राहते. तिथली तपासणी म्हणजे मेस्त्रीची नजर.

जाणता मेस्त्री काय पाहतो? साखळी सैल करून कड्यांच्या आतली बाजू. ठरावीक कड्यांची लांबी नव्या साखळीइतकी आहे का. दोन पदरी साखळीत खालचा हूक उलटून पीळ पडला आहे का. ओतशाळेतली वाळू चाकाच्या खाचांत बसली आहे का. हुकाची जीभ मिटते का. साखळीच वजनाभोवती गुंडाळून परत हुकात अडकवू देत नाही. एका माणसाच्या ओढीने जे उठत नाही त्याला दुसरा गडी लावत नाही, कारण जास्त लागणारा जोर हीच पुलीवर जास्त भार आल्याची खूण.

आणि हूक नवा असतानाच त्याच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना पंचाने एकेक ठिपका मारून ठेवतो. त्या ठिपक्यांमधले अंतर पुलीच्या अंगावर लिहिलेले असते. कामाला लागण्याआधी कॅलिपर लावायचा. अंतर वाढले असेल तर हुकाने कधीतरी झेपेना इतके वजन घेतले आहे, मग ते कुणी कबूल करो वा न करो. तो हूक ठोकून मिटवायचा नसतो, भंगारात टाकायचा असतो.